मळ्यातल्या घराचा मूळ धनी

बारामतीकडून सणसर, लासुर्णे ओलांडून बावड्याकडे जाताना उसाच्या फडात मध्येच एखादा दगडी ओटा दिसतो. मागे निम्मं खचलेलं माळवद. कोणाचं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘जुन्या पाटलाचा वाडा असंल.’ प्रत्येक जुनं घर पाटलाच्या नावावर चढवायची आपल्याकडे खोडच आहे. पण धनी कालव्यामागून आलेला दुसराच कोणी असू शकतो.

नीरा डावा कालवा 1885च्या सुमारास वाहू लागला. पाणी आलं, पण ज्वारी-बाजरीवर जगणारा इथला शेतकरी उसाच्या खर्चाला बिचकत होता. ती जोखीम उचलली सासवडहून आलेल्या माळ्यांनी. खंडाने जमिनी घ्यायच्या, पेंड-खत ओतायचं, गुऱ्हाळ लावायचं, गूळ बाजारात धाडायचा. स्थानिकांनी ऊस पिकवायला घेतला तो बराचसा त्यांचं बघून. बावड्याहून नीरा ओलांडली की अकलूजशेजारी माळीनगर लागतं. याच माळ्यांनी 1932मध्ये तिथे स्वतःची साखर कंपनी काढली.

परक्याच्या रानात वाडा कोण उठवेल? खंडकऱ्याला कुडाचं खोपट पुरतं. दगडाला हात घालायचा तो जमीन नावावर झाल्यावर. मळ्यातलं पक्कं घर म्हणजे उपऱ्याने ‘आता इथेच’ असं ठरवल्याची खूण असू शकते. दगडमातीची हात-दीड हात जाड भिंत, बाभळीच्या नाहीतर लिंबाच्या तुळया, त्यावर काटक्या-पाला, वर पांढऱ्या मातीचा थर, धुराला सवणं. एवढा दगड फोडायचा तर वडार लागत. म्हणजे राहणारा बाहेरचा आणि बांधणाराही फिरस्ता!

हे नोंदवतं कोण? सातबारा जमिनीचा. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये मालक आणि कर सापडतो. कुटुंब कुठून आलं, गवंडी कोण होता, हे सापडत नाही. आज मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांच्या कोपींना तर तेवढाही कागद नाही. हंगाम संपला की जागा नांगरली जाते.

गढ्या-वाड्यांच्या संवर्धनावर भाषणं पुष्कळ होतात. मळ्यातल्या घरांसाठी निधीसुद्धा नको. पाडण्याआधी चार फोटो, खणांची मोजणी आणि घरातल्या म्हातारीने सांगितलेलं मूळ गाव, एवढं ग्रामपंचायतीने वहीत उतरवावं. जेसीबी येऊन गेल्यावर दगड बांधावर जातात, तुळया चुलीत, आणि विचारायला म्हातारीही राहत नाही.