अभंग उरतील, चाली जातील

कार्तिकात पहाटे एखाद्या वारकरी गावात गेलात, तर देवळात काकडा चालू असतो. कोजागिरीला उभा राहिलेला काकडा त्रिपुरी पौर्णिमेला उतरतो. महिनाभर रोज आधी भूपाळ्या, मग वासुदेव, आंधळा, पांगुळ, जोगी, गौळणी, शेवटी आरती. प्रत्येक प्रकरणाची चाल निराळी. वासुदेवाची चाल पांगुळाला लावलेली मंडळींना खपत नाही. शिवाय एका गावचा पांगुळ दुसऱ्या गावात तसाच म्हणतील असंही नाही. हा गावागणिक बदलणारा सूर आपल्या डोळ्यांदेखत नाहीसा होतो आहे, आणि त्याची नोंद जवळजवळ कुणीच ठेवलेली नाही.

भजन बंद पडतंय, असा गळा मी काढणार नाही. ते खरं नाही. गावोगाव सप्ताह पूर्वीपेक्षा दणक्यात होतात, महिलांची भजनी मंडळं वाढली आहेत, सिंधुदुर्गात डबलबारीच्या भजन-सामन्याला रात्रभर माणूस हलत नाही. आळंदीला जोगमहाराजांनी १९१७ साली स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेतून आजही मुलं कीर्तनकार आणि मृदंगवादक होऊन बाहेर पडतात. चिंता आहे ती चालींच्या वैविध्याची.

शब्दांच्या बाबतीत आपण भाग्यवान ठरलो. तुकोबांच्या गाथेसाठी मुंबई सरकारने चोवीस हजार रुपये दिले आणि १८६९ साली इंदुप्रकाश छापखान्यातून तिचा पहिला भाग बाहेर पडला. साडेचार हजारांहून अधिक अभंग त्यामुळे एकत्र आले. पुढे गाथा, हरिपाठ, भजनी मालिका यांच्या किती आवृत्त्या निघाल्या याची मोजदाद नाही. पाठभेदांवर विद्वानांनी आयुष्यं घालवली. पण ते अभंग गायचे कसे, हे त्यातल्या एकाही पानावर नाही.

याचं कारण अभंगाच्या घडणीतच आहे. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. हा साचा एकदा ठरला की एकच चाल शेकडो अभंगांना बसते आणि एकच अभंग दहा चालींत म्हणता येतो. त्यामुळे चाल अभंगाला बांधलेली नाही, ती माणसाला आणि गावाला बांधलेली आहे. ज्याच्या तोंडी आहे तो गेला की ती गेली. पोथी जपल्याने ती जपली जात नाही.

देवळातलं भजन जवळून पाहिलं की हे चटकन ध्यानात येतं. विणेकरी उभा राहतो, हलक्या आवाजात चाल धरतो. मृदंगवाला धुमेला कणीक थापून ती बोटाने चाचपत असतो. पहिलं ध्रुपद संथ जातं, टाळ नुसते किणकिणतात. टाळकरी ध्रुपद उचलतात ते सगळे एका सुरात नव्हे. कुणी वरच्या अंगाने घेतो, कुणी अर्धा चरण मागे राहून येऊन मिळतो, एखादा म्हातारा आपली जुनी मुरकी सोडत नाही. दोन-तीन फेऱ्यांनी लय चढते, भजनी ठेका दुप्पट होतो, टाळ उघडे वाजू लागतात. मग कुणीतरी मधूनच चाल पालटतो आणि सगळी मंडळी न सांगता त्याच्यामागे जातात. शास्त्रीय संगीताच्या स्वरलिपीत या चालीचा सांगाडा उतरेल. उचलणं, मागे राहणं, चढणं उतरणार नाही. डॉ. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या कोटी मांडताना भक्तिसंगीताला लोकसंगीतात किंवा कलासंगीतात न कोंबता स्वतंत्र कोटी दिली, ती उगाच नव्हे.

आता या चाली एकसारख्या का होत चालल्या, ते पाहू. कॅसेटच्या काळात बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ घराघरात पोहोचला. ते गाणं थोर आहे आणि त्याने असंख्यांना हरिपाठाची गोडी लावली. पण संध्याकाळी देवळात स्पीकरवर रोज तोच हरिपाठ लागला, की गावाची स्वतःची चाल म्हणायला कुणी उरत नाही. त्यात भर भजन स्पर्धांची. ठरलेल्या मिनिटांत अभंग आणि गौळण बसवायची, परीक्षक ताना आणि तयारी बघणार, मग मंडळं पेटीमास्तर आणून अभंगाला रागदारीचा मुलामा देतात. बक्षीस मिळतं, पण आजोबांची चाल ‘साधी’ म्हणून मागे पडते. या स्पर्धांत पारंपरिक चालीला वेगळे गुण हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

जतन कसं करावं याचा धडा आपल्याकडेच गिरवला गेला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी ऐंशीच्या दशकापासून मुळशी आणि इतर तालुक्यांत फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लाखाहून अधिक ओव्या, हजारावर गावं. बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रितही झाल्या. आज ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात, आणि प्रत्येक ओवीखाली गाणारीचं नाव, गाव, तालुका असतो. मला हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं. एरवी बायकांची गाणी निनावी म्हणूनच छापली जातात. त्या ओव्यांत विठोबा पानोपानी आहे, म्हणजे भजनाचाच एक मोठा भाग त्या दोघांनी वाचवला. देवळातल्या पुरुषांच्या आणि महिला मंडळांच्या चालींसाठी एवढं काम झालेलं नाही. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्या रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं टाळ-मृदंगावर म्हणतात, त्यांच्याही चाली यात आल्या पाहिजेत.

विद्यापीठांच्या मराठी आणि संगीत विभागांनी एकेक तालुका वाटून घ्यावा. पण त्यांची वाट बघत बसायची गरज नाही, कारण आता फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. या कार्तिकात आपल्या गावचा काकडा पहिल्या भूपाळीपासून आरतीपर्यंत, मधे न तोडता मुद्रित करा. फोन स्पीकरच्या कर्ण्याजवळ नको, विणेकऱ्याजवळ ठेवा. आधी मंडळींची परवानगी घ्या. कुणी चाल धरली, ती त्यांना कुणाकडून आली, हे त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करून घ्या. एक प्रत मंडळाकडे द्या, एक गावच्या वाचनालयात ठेवा. सत्तरीपुढच्या टाळकऱ्यांपासून सुरुवात करा.