बेडूकमासा आणि खाचराचें पाणी

पहिल्या पावसाबरोबर खाचरांतून बेडकांचा आवाज उठला म्हणजे शेतकरी संतोष पावतो. किडे खाणारा हा प्राणी आपला मित्र आहे, हें त्याला कोणीं शिकवावें लागत नाहीं. परंतु पुढें त्याच पाण्यांत वळवळणाऱ्या बेडूकमाशांकडे तो ढुंकूनहि पाहत नाहीं. आमच्या मतें ही चूक आहे.

बेडूकमाशाला पाय फुटणें, शेपूट जिरणें, लांब आंतडें आखूड होणें, हे सर्व फेरफार थायरॉईड ग्रंथीच्या स्रावानें होतात. १९१२ सालीं गुडरनाच या शास्त्रज्ञानें बेडूकमाशांना जनावरांची ही ग्रंथि खाऊं घातली, तेव्हां ते अवेळींच बेडूक बनले. पण अगदीं चिमुकले. निसर्गांतहि असें घडतें. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं मागच्या पायांनीं फावड्यासारखी माती उकरणारा एक भेक आहे. तो पावसाच्या डबक्यांत अंडीं घालतो. डबकें आटूं लागलें कीं बेडूकमाशाच्या मेंदूंत संकटाची वर्दी देणारा एक स्राव वाढतो. त्यानें थायरॉईड व मूत्रपिंडांवरील ग्रंथि जाग्या होतात आणि प्राणी घाईनें रूप पालटतो. या स्रावाचें हें कार्य डेन्व्हर यांनीं १९९७ सालीं दाखवून दिलें. हाच स्राव भूकहि मारतो. म्हणजे जीव वांचतो, पण खाण्यावाढण्याचे दिवस बुडतात आणि बेडूक लहान निपजतो.

डबकें उन्हानें आटलें तर त्याला इलाज नाहीं. परंतु बांध फोडून आपणच तें आटवावें, किंवा फवारणीचा पंप त्यांत धुवावा, याला काय म्हणावें? १९८७ सालीं सरकारनें बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, तेव्हां आपण सर्वांनीं मान डोलावली; बेडूक मारणारा कोणी दुसराच होता ना!

खत घालण्यासाठीं पाणी काढावें लागतें, हें आम्ही जाणतों. म्हणून आमची सूचना एवढीच कीं, खाचराच्या सखल कोपऱ्यांत हातभर खोल खळगा राखावा, पाणी काढतांना तो भरलेला ठेवावा आणि बेडूकमाशांना पाय फुटून ते बाहेर पडेपर्यंत तेथें औषध मारूं नये. कांहीं बंधु म्हणतील कीं, तेवढी जागा फुकट गेली. तेवढ्या जागेंतलें भात सोडावयास आम्ही तयार आहों.