किती दूर, आणि कशावरून?

पल्सार म्हणजे रेडिओलहरींचे नियमित ठोके पाठवणारे तारे. त्यांच्या याद्यांत अंतराचा एक रकाना असतो. त्यातला आकडा मोजलेला की अनुमानाने काढलेला, हे सामान्य वाचकाला क्वचितच सांगितले जाते. तज्ज्ञांना त्यातला फरक ठाऊक असतो. पण बातमीत आणि पाठ्यपुस्तकात पोचेपर्यंत दोन्ही आकडे एकाच पंगतीला बसतात.

पल्सारकडून येणाऱ्या प्रत्येक ठोक्यातल्या कमी कंप्रतेच्या रेडिओलहरी वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे मागे पडतात. किती मागे पडल्या यावरून वाटेत एकूण इलेक्ट्रॉन किती ते कळते. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही ३० अँटेनांची दुर्बीण कमी कंप्रतांवरच काम करते, त्यामुळे हा विलंब मोजण्यात ती विशेष तरबेज. पण त्याचे अंतर करायचे, तर आकाशगंगेत कुठे किती इलेक्ट्रॉन पसरले आहेत याचा नकाशा हवा, आणि तो बराचसा अंदाजाचाच आहे. रिक्षाचे भाडे पैशापर्यंत माहीत, पण किलोमीटरचा दर ऐकीव, असा हा प्रकार.

दुसरी वाट सरळ भूमितीची. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना पल्सार आकाशात किंचित सरकलेला दिसतो, तो कोन मोजायचा. हजारभर प्रकाशवर्षांवरच्या पल्सारसाठी हा कोन अंशाच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास भरतो. त्यासाठी हजारो किलोमीटर दूर असलेल्या दुर्बिणी एकत्र जोडून महिनोन्‌महिने निरीक्षणे करावी लागतात. वेला पल्सार दीड हजारांहून अधिक प्रकाशवर्षे दूर मानला जात होता. २००३ साली या पद्धतीने तो साडेनऊशेच्या आतबाहेर निघाला. अंतर असे आक्रसले की ताऱ्याच्या तेजाचा हिशेब वर्गाच्या पटीत खाली येतो, इथे जवळजवळ एक-तृतीयांशावर.

म्हणून भूमितीलाच कौल द्यावा? इतके सोपे नाही. २००३ मध्येच दोन पल्सारची एक जोडी सापडली. इलेक्ट्रॉनांच्या नकाशाने तिचे अंतर सुमारे २,००० प्रकाशवर्षे सांगितले. २००९ मध्ये कोन मोजला तेव्हा ते पावणेचार हजारांच्या घरात गेले, आणि २०२१ मध्ये नव्या मोजणीने पुन्हा २,४०० वर आले. म्हणजे या खेपेला बदनाम नकाशाच जास्त जवळ होता! हे अंतर गौण नव्हते. जोडीची कक्षा आइन्स्टाइनच्या भाकिताप्रमाणे आक्रसते का, हे तपासताना तिच्या आडव्या गतीचा परिणाम वजा करावा लागतो, आणि तो अंतरावर अवलंबून असतो.

आमचे मत असे: तीन हजारांहून अधिक पल्सार आकाशगंगेत साधारण कसे विखुरले आहेत हे पाहायला नकाशा पुरेसा आहे, एकेकासाठी दुर्बिणींचा वेळ जाळण्यात अर्थ नाही. पण ज्या पल्सारवर भौतिकशास्त्राचा नियम तोलायचा, त्याच्या बाबतीत काटकसर नको. तिथे एकदा मोजून थांबू नये, दुसऱ्या दुर्बिणींनी पुन्हा मोजावे. आणि आकडा छापताना पद्धत व चुकीची मर्यादा सोबत छापावी. क्रॅब पल्सारचे ६,५०० प्रकाशवर्षे हे अंतर बहुतेकांना पाठ असते. त्या जुन्या अंदाजाला दोन्ही बाजूंनी दीड हजारांहून जास्त प्रकाशवर्षांची मुभा होती, हे मात्र शालेय पुस्तकांत अभावानेच आढळते.