‘मी’ म्हणणाऱ्यांचा गुन्हा कोणता?

माणसाला स्वतःची ओळख पटू लागली की समाज मोडतो, अशी तक्रार आमच्या सभांतून आणि मोहल्ल्यांतून नेहमी ऐकू येते. मुलगी शिकून प्रश्न विचारू लागली, मुलगा जमातीच्या पंचांकडे हिशेब मागू लागला, की एकोपा संपला! आम्ही विचारतो, हा एकोपा कसला?

आमच्या भंडारा जिल्ह्याने असा एकोपा पाहिला आहे. मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत सुरेखा भोतमांगे या दलित बाईने मुलांना शिकवले, जमिनीवरचा हक्क सोडला नाही, मारहाणीच्या एका प्रकरणात न घाबरता साक्ष दिली. २९ सप्टेंबर २००६ रोजी जमावाने तिला व तिच्या तीन मुलांना ठार केले. गाव होते, शेजार होता. चौघांपैकी एकही वाचला नाही. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. २०१० साली नागपूर खंडपीठाने सहा जणांची फाशी पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. दोन्ही ठिकाणी अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र लागू झाला नाही. ताठ मानेची किंमत जातीने वसूल केली, हे निकालाच्या कागदावर आलेच नाही.

हे ‘त्यांच्या’कडचे, असे म्हणून आम्हाला हात झटकता येणार नाहीत. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिला तोंडी तलाकच्या विरोधात मुंबईत विधिमंडळावर गेल्या. त्या स्वतःच्या संसाराबद्दल बोलत होत्या. आमच्या पुढाऱ्यांना त्यात समाजद्रोह दिसला. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तलाक रद्दबातल ठरवला, तोही शायरा बानोसारख्या एकेकट्या बायकांनी दार ठोठावल्यावर. मधली ५१ वर्षे आमच्या जमाती काय करीत होत्या?

बाहेरचे लोक आमच्या बायकांच्या दुःखाचे राजकारण करतात, हे खरे. २०१९ च्या कायद्याने तलाक देणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली, तेव्हा सारे खवळले. पण घरचा न्याय घरात केला असता, तर सरकारला उंबरठा ओलांडायला निमित्त कुठून मिळाले असते?

कयामतच्या दिवशी हिशेब एकेकट्याला द्यायचा आहे, तिथे जमात साक्षीला येणार नाही, ही आमची श्रद्धा. मग इथे एकट्याने विचार करायला बंदी का? जमातीच्या बैठकीत बाईला बसू द्या, तिचे पुरते ऐका, जमाखर्च सर्वांपुढे मांडा. एवढ्याने जो समाज मोडेल, तो धाकावरच उभा होता असे समजावे.