जुने घर घेताना रंगाला भुलू नका

फंडाचे पैसे हाती येतात, पतपेढीचे कर्ज मिळते, घरातली बाई अंगावरचे सोने काढून देते आणि आपला माणूस घर बघायला निघतो. नवा फ्लॅट परवडत नाही. मग सिडको-हडकोतले चाळीस वर्षांचे घर, नाहीतर मुकुंदवाडी-पुंडलिकनगरकडचे गुंठेवारीतले घर बघितले जाते. "दुसरे गिऱ्हाईक उभे आहे," असे एजंट म्हणतो आणि अर्ध्या तासात इसार दिला जातो. बाजारात साधे मडके घेताना आपण ते चारदा वाजवून बघतो. मग जन्माची कमाई घालून घेतलेले घर वाजवून का बघू नये?

घर दिवसा उजेडी बघा. जमल्यास मोठा पाऊस पडून गेल्यावर पुन्हा बघा. ताज्या रंगाखाली ओल लपते. म्हणून कपाट सरकवून मागची भिंत बघा, लोणा धरला आहे का ते पाहा. काठीने स्लॅब ठोका. पोकळ आवाज आला किंवा गंजाचे तांबडे डाग दिसले, तर आतले लोखंड कुजत आहे असे समजा. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे भिंती तडकतात. केसासारखी चीर गिलाव्याची असू शकते. पण दाराच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली रुंद चीर गवंड्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जुन्या शहरातले दगड-मातीचे घर असेल तर जास्त जपा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले, हजारो जीव गेले. अशा भिंतींवर कुणी मजला चढवला असेल तर ते घर स्वस्तातही नको.

घर बघायला घरातल्या बाईला बरोबर न्याच. नळाला किती दिवसांनी पाणी येते, किती वेळ येते, हौदात किती मावते, हे ती शेजारणीला विचारील. मोरीत दोन बादल्या पाणी ओतून ते तुंबते का बघा. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावतात, त्याचे कारण बहुधा तिथेच असते.

काही जण दार कोणत्या दिशेला आहे ते बघायला वास्तुवाला आणतात. दाराच्या दिशेने कुणाचे वाईट होत नाही, उघड्या तारेने होते. ती दक्षिणा गवंड्याला आणि वायरमनला द्या.

शेवटी कागद. नोटरी केलेल्या स्टॅम्पपेपरने घर नावावर होत नाही. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला दस्त लागतो. सिडकोचे घर असेल तर हस्तांतरणाला सिडकोची परवानगी लागते का ते विचारा. गुंठेवारीचा कायदा २००१ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात आली. पण घर आपोआप नियमित होत नाही. महापालिकेचे प्रमाणपत्र डोळ्यांनी बघा. मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि वीजबिल यांच्या ताज्या पावत्या मागा, नाहीतर जुन्या मालकाची थकबाकी तुमच्या गळ्यात पडेल.

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात २०२१ पासून घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. जिने सोने दिले तिचे नाव कागदावर येऊ द्या.

मालक खरा असेल तर तो आठ दिवस थांबेल. जो थांबू देत नाही, त्याच्या घरात काय दडले आहे ते आधी शोधा. तोपर्यंत इसाराचे पैसे खिशातच राहू द्या.