लहान व्यापाऱ्याचा वकील कोण ?

कोर्टांत ज्याची बाजू मांडण्यास कोणी उभा राहत नाहीं, त्याच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा होतो, हें कोणत्याहि पक्षकारास सांगावें लागत नाहीं. परंतु कायदे, कर व जाहीरनामे जेथें तयार होतात त्या दरबारांतहि हाच नियम चालतो, ही गोष्ट सायखेड्यासारख्या पेठेंतील किराणा, भुसार, कापड व खतें विकणाऱ्या, अथवा चार मजूर लावून लहानसा कारखाना चालविणाऱ्या मंडळींच्या अजून नीटशी ध्यानांत आलेली दिसत नाहीं. जाहीरनामा निघाला म्हणजे पारावर त्यावर कडाक्याची टीका होते. पण मसुदा असतांना त्यावर लेखी हरकत किती जणांनीं घेतली असें विचारलें, कीं मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात.

व्यापाऱ्यांच्या संस्था आपल्याकडे नव्या नाहींत. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९० सालीं पुण्याच्या औद्योगिक परिषदेपुढें देशी उद्योगांचा प्रश्न मांडला. १९०७ सालीं मुंबईंत इंडियन मर्चंट्स चेंबर निघालें, आणि १९२७ सालीं शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना झाली. परकी अमदानींत १९१९ व १९३५ च्या कायद्यांप्रमाणें व्यापारी संस्थांस विधिमंडळांत राखीव जागा असत. स्वराज्याच्या घटनेनें त्या ठेविल्या नाहींत, आणि तें योग्यच झालें. लोकसत्तेंत थैलीला निराळें मत असूं नये. विधानपरिषदेंत पदवीधरांस व शिक्षकांस मतदारसंघ आहेत, दुकानदारांस नाहीं. तेव्हां त्यांच्या हातीं साधन उरलें तें घटनेच्या १९ व्या कलमानें दिलेल्या संघ स्थापण्याच्या हक्काचें.

हें साधन बोथट नाहीं. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर सुरू झाला, तेव्हां २० लाखांवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यास नोंदणी सक्तीची झाली व दरमहाच्या विवरणपत्रांनीं लहान दुकानदार मेटाकुटीस आला. देशभर संघटनांनीं अर्ज केले, आंकडे पुढें ठेविले. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत दीड कोटींपर्यंतच्या उलाढालीस तिमाही विवरणाची सवलत मिळाली, आणि १ एप्रिल २०१९ पासून मालाच्या व्यापाऱ्यांस नोंदणीची मर्यादा ४० लाख झाली. ज्यांनीं वर्गणीचा एक पैसा दिला नव्हता त्यांसहि हा लाभ मिळाला. आमच्या मतें हेंच आमच्याकडील आळसाचें एक कारण आहे.

आतां उलट बाजू पाहा. आमच्याकडे सल्ल्यास आलेले दोन गृहस्थ आठवतात. एक द्राक्षांसाठीं पुठ्ठ्याचीं खोकीं तयार करणारे. दुसरे सुतळी, तार व बारदान आणून विकणारे. दोघांचीहि रक्कम एकाच मोठ्या खरेदीदाराकडे कित्येक महिने अडकलेली. खोकींवाल्यांस आम्हीं सांगितलें कीं, २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणें तुमचे पैसे फार तर ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत. न मिळाल्यास बँकदराच्या तिप्पट दरानें चक्रवाढ व्याज मागतां येतें. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्यानें अशी थकलेली रक्कम खरेदीदारास त्या वर्षाच्या प्राप्तिकरांत खर्च म्हणून वजा घेण्यास मनाई केली. सुतळीवाल्यांनींहि मोठ्या उमेदीनें आपलें उद्यम नोंदणीचें प्रमाणपत्र पुढें केलें. त्यांस मात्र निराश करावें लागलें. २ जुलै २०२१ च्या केंद्र सरकारच्या पत्रकानें ठोक व किरकोळ व्यापाऱ्यांस या नोंदणींत घेतलें खरें, पण तें बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरतेंच. माल तोच खरेदीदार नेतो, पैसे तोच थकवितो. एकास ढाल आहे, दुसऱ्यास नाहीं. हा भेद न्याय्य आहे कीं नाहीं याविषयीं मतभेद होऊं शकेल; परंतु सुतळीवाल्यांच्या वतीनें तो वाद या तालुक्यांतून कोणी घातला, हा आमचा प्रश्न आहे.

संघटना झाली म्हणजे सर्व कांहीं साधलें, असेंहि समजूं नये. १९ ऑगस्ट २०२३ रोजीं केंद्र सरकारनें कांद्यावर शेंकडा ४० निर्यातकर बसविला. त्याविरुद्ध व इतर मागण्यांसाठीं नाशिक जिल्ह्यांतील कांदा व्यापाऱ्यांनीं २० सप्टेंबरपासून सुमारें तेरा दिवस लिलाव बंद ठेविले. निर्यातकराविषयींचें त्यांचें गाऱ्हाणें खरें होतें, हें आम्ही निःसंकोच म्हणतों. ऐन हंगामांत रातोरात कर लादणें हा राज्यकारभार नव्हे. पण बाजार बंद झाला तेव्हां सरकारचें काय अडलें ? अडलें तें चाळींत उन्हाळी कांदा सांभाळून बसलेल्या शेतकऱ्याचें, रोजंदारी बुडालेल्या हमालाचें आणि बाजाराच्या दिवसावर पोट असणाऱ्या चहावाल्याचें. ज्या शेतकऱ्याचा निर्यातकराविरुद्धचा दावा व्यापाऱ्याहूनहि बळकट होता, त्यास बरोबर घेण्याऐवजीं त्याचाच माल अडविला गेला. बाजार-फी रुपया शेंकड्यावरून निम्मी करावी, ही मागणीहि त्याच यादींत होती. तेव्हां हा लढा कोणासाठीं, असा संशय शेतकऱ्यास आला तर त्यास दोष कसा द्यावा? फळ म्हणाल तर, त्याच वर्षाच्या डिसेंबरांत निर्यातबंदीच आली, ती ४ मे २०२४ रोजीं उठली, आणि निर्यातकर पुरता जाण्यास १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला.

बाजार समितींत तरी व्यापाऱ्यांस आवाज आहे. अठरा सभासदांच्या मंडळांत व्यापारी व अडत्यांस दोन जागा आहेत, हमाल-मापाऱ्यांस एक. सायखेड्याचें उपबाजार आवार पिंपळगांव बसवंतच्या समितीकडे असल्यामुळें येथील कांदा व्यापारी तेथें जाऊन बोलूं शकतो. परंतु पेठेंतील शिंपी, लोहार, पिठाची गिरणीवाला, घरीं पापड-मसाले करून विकणारी बाई यांस कोठेंच खुर्ची नाहीं. २०१६ च्या ऑगस्टांत गोदामाईचें पाणी सायखेडा व चांदोरींत शिरलें, २०१९ सालीं पुन्हां शिरलें. २०२१ च्या पुरानंतर राज्य सरकारनें दुकानदारांस जास्तींत जास्त ५० हजार व टपरीवाल्यांस १० हजार मदत ठरविली. मालाचा चिखल झालेल्या दुकानाच्या दारांत एकेकट्यानें उभें राहून तलाठ्याची वाट पाहणें निराळें, आणि आधींच साऱ्या पेठेची नोंद, मालाचा अंदाज व विम्याची स्थिति कागदावर घेऊन तहसीलदारांपुढें जाणें निराळें.

यास्तव आमची सूचना अशी कीं, सायखेडा, चांदोरी व आसपासच्या गांवांतील लहान धंदेवाल्यांनीं एक संघ नोंदवावा. वर्गणी इतकी ठेवावी कीं टपरीवाल्यासहि ती जड जाऊं नये, आणि मत प्रत्येकास एकच असावें. उलाढालीवर मतें मोजलीं कीं दोन घाऊक व्यापाऱ्यांचा तो दरबार झालाच म्हणून समजा. बायका आपल्या नांवानें सभासद व्हाव्यात, नवऱ्याच्या नांवानें नव्हे. जमाखर्च दरसाल उघड वाचावा. निवडणुकीच्या दिवसांत कोणत्याहि पक्षाचा झेंडा संघाच्या दारावर लागूं नये. शेतकऱ्यांच्या संस्थांशीं आधीं विचारविनिमय झाल्यावांचून बाजार बंद करण्याचा ठराव करूं नये.

आणि काम लेखी करावें. १८९७ च्या सामान्य परिभाषा कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणें, जेथें नियम पूर्वप्रसिद्धीच्या अटीनें करावयाचे असतात, तेथें मसुदा प्रसिद्ध करून आलेल्या हरकतींचा विचार करणें अधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. २०१४ च्या केंद्र सरकारच्या धोरणांत तर कायद्यांच्या मसुद्यांवर लोकांस निदान ३० दिवस द्यावे, असें म्हटलेलें आहे. ते तीस दिवस पारावर घालवूं नयेत. पहिला अर्ज सुतळीवाल्यांच्या ४५ दिवसांविषयीं असावा. त्याचा मसुदा करून देण्यास आम्ही तयार आहों, व त्याची फी घेणार नाहीं.