'त्यांना सवय असते' म्हणजे काय?

भिलाईत मे महिन्यात हे वाक्य रोज एकदा तरी कानावर पडते. क्वार्टरच्या व्हरांड्यात, कूलरच्या झोतात बसून, समोरच्या रस्त्यावर गिट्टी पसरणाऱ्या बायकांकडे बघत कुणीतरी म्हणते, "या लोकांना उन्हाची सवय असते." म्हणणारा दुष्ट नसतो. तो उठून त्यांना थंड पाण्याची बाटलीही नेऊन देतो. (प्लास्टिकची, परत घ्यावी लागू नये अशी.)

समाजशास्त्र शिकताना जातीच्या व्याख्या पाठ केल्या, पण या एका वाक्यात जेवढी जात आहे तेवढी त्यांत क्वचितच सापडली. काम जन्माने ठरते, हे आज उघड बोलता येत नाही. म्हणून आता शरीर जन्माने ठरते असे बोलतात.

शरीराला उष्णतेची सवय होते, हे खरे आहे. एक-दोन आठवडे तापत्या हवेत काम केले की घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो, घामातून मीठ कमी जाते, हृदयावरचा ताण थोडा उतरतो. पण ही सवय कुणाच्याही शरीराला होते. काम थांबले की काही आठवड्यांत ती जाते. आईकडून मुलीकडे ती येत नाही. अमेरिकेतली 'निऑश' ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था सांगते की, नव्या कामगाराला पहिल्या दिवशी पाळीच्या 20 टक्केच वेळ उष्णतेत ठेवा आणि मग रोज फार तर तेवढाच वेळ वाढवा. भिलाईतल्या एखाद्या ठेकेदाराला हे सांगून बघा! माझी एक आत्या ठेक्यावर रेजा होती. रेजा म्हणजे मजूर बाई. छत्तीसगडात पुरुषाला कुली म्हणतात, बाईला रेजा. गावाकडची लग्ने आटोपून महिन्याभराने परतली की पहिल्याच दिवशी ती पूर्ण पाळी भरायची, कारण हजेरी अर्धी लागली तर मजुरीही अर्धीच. ज्या दिवशी तिच्या शरीराला सवय सर्वांत कमी असायची, त्याच दिवशी मुकादमाला तिची 'सवय' आठवायची.

भिलाईचा पोलाद कारखाना 1955 च्या सोव्हिएत कराराने उभा राहिला. पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 ला सुरू झाली. गावात तेव्हापासून दोन शब्द आहेत: 'नोकरी' आणि 'काम'. कारखान्यात कायम असलेल्याची ती नोकरी, ठेकेदाराकडे असलेल्याचे ते काम. जोनाथन पॅरी या मानववंशशास्त्रज्ञाने यावर आख्खे पुस्तक लिहिले आहे, 'क्लासेस ऑफ लेबर' (2020). कारखान्यातली तापलेली, घाणेरडी, अंगमेहनतीची कामे ठेक्याच्या माणसांवर कशी ढकलली जातात, हे त्यात सविस्तर आहे. पॅरींचे म्हणणे असे की, या नगरीत जातीपेक्षा वर्गाची रेघ ठळक झाली. इथे माझा त्यांच्याशी वाद आहे. सार्वजनिक उद्योगातल्या कायम नोकरीला आरक्षण होते. ठेक्याला ते नाही. ऐंशीच्या दशकात साठ हजारांवर गेलेली कायम कामगारांची संख्या आता निम्म्याहूनही खूप खाली आली आहे. सतनामी आणि बौद्ध घरांतली पहिली पिढी ज्या दारातून नोकरीत शिरली, त्याच दारातून तिची नातवंडे ठेकेदाराचा पास गळ्यात घालून आत जातात. ही रेघ वर्गाची दिसत असेल, पण ती कोणाच्या अंगावरून ओढली आहे तेही बघावे लागते.

आता हवामानाकडे येते. पीएच.डी.साठी मी मुंबईला गेले तेव्हा पहिल्याच एप्रिलमध्ये कळले की भिलाईची शहाणीव इथे चालत नाही. आमच्याकडची लू कोरडी. घाम फुटतो आणि लगेच सुकतो, सुकताना अंग थंड करतो. कूलरचे तत्त्व तेच: ओल्या वाळ्यातून हवा ओढली की पाणी उडते आणि हवा गार होते. मुंबईच्या हवेत आधीच इतके पाणी की घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. तिथे कूलर म्हणजे खोलीत आणखी दमटपणा. म्हणून मुंबईचे 36 अंश आमच्या 42 हून जड वाटू शकतात. खात्याच्या निकषात उष्णतेची लाट मोजताना मैदानी भागाला 40 आणि किनाऱ्याला 37 अंश असा उंबरठा धरतात तो यामुळेच. 16 एप्रिल 2023 ला खारघरला 'महाराष्ट्र भूषण' सोहळ्यात पारा चाळिशीच्या आतच होता, तरी उष्माघाताने 14 माणसे गेली. व्यासपीठावर छत होते. समोरच्या लाखोंवर नव्हते.

आणि हा पारा तरी कुठला? हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. शास्त्र म्हणून ते बरोबरच. पण पेपरात छापून येणारे 44 अंश त्या पेटीतले असतात, डांबर ओतणाऱ्याच्या डोक्यावरचे नव्हे. तापमापकाला सावली द्यायचा नियम आहे आणि तो कसोशीने पाळला जातो.

भिलाईतही हवा बदलते. नवतपा सरतो, जूनमध्ये दोन सरी पडतात, आणि मोसमी पाऊस स्थिरावेपर्यंत नुसती घुसमट. तेव्हा कूलर हरतो आणि फक्त एसीवाला जिंकतो. त्याआधीही कूलरला दिवसाला कित्येक बादल्या पाणी लागतेच. सेक्टरमधल्या क्वार्टरला नळ आहे, झाडे आहेत. ज्या गल्लीत पाण्यासाठी रांग लागते, तिथल्या बाईने ते कूलरमध्ये ओतायचे की हंड्यात ठेवायचे?

सरकारकडे यावर उत्तर म्हणून संस्कृती आहे. 1 मे 2022 ला, कामगार दिनी, तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी सगळ्यांना बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांद्यासोबत खायचा, तो हा पदार्थ. अधिकाऱ्यांनी ताटासोबत फोटो टाकले. बासी उन्हात चांगली, हे मान्य. मी आजही खाते. पण ज्या घरात दुसऱ्यांदा चूल पेटवायला वेळ आणि सरपण नव्हते त्या घराचे ते अन्न. कामगाराच्या ताटाचा उत्सव झाला. त्याच्या दुपारच्या सुट्टीचा विषय निघाला नाही.

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधला 1901 चा प्रवास आपण सगळ्यांनी वाचला आहे. उन्हाळ्याची सुट्टी, वडिलांकडे कोरेगावला निघालेली मुले, डब्यात भरपूर अन्न, आणि रात्रभर पाण्याचा थेंब नाही. तहान हवामानाने लागली होती. पाणी जातीने अडवले होते. याच बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून 1946 मध्ये कारखान्यातले आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आणणारे विधेयक मांडले. दुपारच्या वेळेवर हक्क सांगणे हे बासीच्या फोटोपेक्षा या परंपरेत जास्त बसते.

आपल्यातले अनेक जण आता हवामानबदलावर प्रबंध लिहितात, सेमिनारला जातात. तिथे 'असुरक्षित घटक' हा शब्द चालतो, जात चालत नाही. 2023 मध्ये सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चने देशातले 37 उष्णता कृती आराखडे तपासले; धोका नेमका कोणाला, हे ओळखण्यातच बहुतेक कच्चे निघाले. ओळखायला अवघड काय आहे? ठेकेदाराचे हजेरीपुस्तक मागवा आणि आडनावे वाचा.

मागण्या नव्या नाहीत. 1948 च्या कारखाना कायद्यात 250 हून अधिक कामगारांच्या कारखान्यात उन्हाळ्यात थंड पाणी देणे मालकावर बंधनकारक केले होते. 1970 च्या कायद्याने ठेकेदार चुकला तर पाणी आणि विश्रांतीच्या जागेची जबाबदारी मुख्य मालकावर टाकली. बायकांसाठी वेगळे शौचालयही लिहिलेले होते. हे शेवटचे कलम पाण्याइतकेच महत्त्वाचे आहे. दुपारी 12 ते 3 बाहेर पडू नका, भरपूर पाणी पीत राहा, असे दरवर्षी छापून येते. आत्या कामावर असताना सकाळी आठनंतर पाणी पीत नसे. पाणी होते. जायला जागा नव्हती.